खाऊन दाखवा

त्या मासळीबाजारात "ताजा आहे का हो?" या प्रश्नाला तोंडी उत्तर द्यायची पद्धतच नव्हती. गिऱ्हाइकाने विचारलं, की विकणारीने माशाच्या पाठीवर सुरी टेकवायची, नखाएवढा पातळ तुकडा काढायचा आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत कच्चाच तोंडात टाकायचा. चावायचा, गिळायचा आणि मग विचारायचं, "किती देऊ?" झालं. शपथ नको, आणाभाका नकोत. जी स्वतः खाते, तिच्या मालात खोट कशी असेल?

या कामात वहिनीचा हात धरणारं कुणी नव्हतं. सगळा बाजार तिला वहिनीच म्हणे. विक्रेत्यांच्या संघटनेचा अध्यक्ष तिचा सख्खा धाकटा दीर. तो वहिनी म्हणे, म्हणून हळूहळू हमालांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळेच म्हणायला लागले. दाराला लागून असलेला पहिला ओटा तिचा. आत येणाऱ्याची पहिली नजर तिथेच पडायची, त्यामुळे त्या ओट्यावर बाकीच्यांचा डोळा होता. मुळात तो तिच्या सासूचा. सासूचे गुडघे बसले, तेव्हा ओटा आणि सुरी दोन्ही सुनेकडे आली. पहिल्या दिवशी तुकडा गिळताना सुनेला मळमळलं होतं. सासू कानाशी येऊन म्हणाली होती, "तोंड वाकडं केलंस की गिऱ्हाईक वाकडं झालंच म्हणून समज. हसत गिळ." तेव्हापासून वहिनी हसत गिळत आली होती.

एका दुपारी ओटा धुऊन ती पाट्या पालथ्या घालत होती, तेवढ्यात पोटात कळ आली. साधी नव्हे. पोटात कुणी पीळ घालून वर ओढावं तशी. ती ओट्याला धरून खाली बसली. शेजारच्या ओट्यावरची फटाकडी धावत आली. तोंड सुरू झालं की थांबत नाही म्हणून तिला हे नाव पडलं होतं.

"काय गं, काय झालं? मेलीस की काय?"

"अजून नाही," वहिनी दातावर दात दाबत म्हणाली. "तुला ओटा मिळायला वेळ आहे. ह्यांना हाक मार."

'हे' म्हणजे तिचा नवरा. बाजाराच्या मागेच बर्फखाना होता, तिथे तो लाद्या फोडायच्या यंत्रावर असे. बर्फाशी राहून राहून माणूसही थंड झालाय, असं लोक म्हणत. पण त्या दिवशी तो थंड राहिला नाही. गाडी मिळेना, तेव्हा त्याने बायकोला बर्फाच्या हातगाडीवर बसवलं आणि ढकलत दवाखान्यात नेलं. वाटेत वहिनी कळवळून म्हणाली, "अहो, खालून गार लागतंय!" तो म्हणाला, "टिकशील तरी."

दवाखान्यातली डॉक्टरीण वयाने लहान पण कामाला पक्की होती. तिने पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, "आज काय काय खाल्लंत?"

"चहा. पाव. बाकी काही नाही."

"कच्चं काही?"

"नाही हो. तुकडे तेवढे."

"कसले तुकडे?"

वहिनीने सांगितलं. डॉक्टरीण लिहिता लिहिता थांबली. मग तिने बारीक कॅमेरा असलेली नळी वहिनीच्या घशातून पोटात सोडली. जठराच्या आतल्या बाजूला एक पांढरा, सुतासारखा किडा तोंड रुतवून बसला होता. नळीच्या टोकाला असलेल्या इवल्या चिमट्याने डॉक्टरणीने तो ओढून काढला, आणि थोड्या वेळात वहिनीच्या चेहऱ्यावरचा पीळ सुटला. किडा बाटलीत घालून समोर धरला, तेव्हा तो अजून वळवळत होता.

वहिनी बघतच राहिली. मग म्हणाली, "अगं बाई! हा तर दोरा!"

बाजारात त्याला दोरा म्हणत. मासा साफ करताना आतड्यांजवळ घड्याळाच्या स्प्रिंगसारखं वेटोळं घालून बसलेला दिसे. प्रत्येकीने तो पाहिला होता. नखाने उडवायचा आणि पुढचा मासा घ्यायचा. गिऱ्हाइकाचं लक्ष गेलंच तर म्हणायचं, "शीर आहे हो ती."

"शीर नाही, हा जंत आहे," डॉक्टरीण म्हणाली. वहिनीला झोप येत नव्हती आणि डॉक्टरणीला सांगायची हौस होती, म्हणून तिने सगळं पहिल्यापासून सांगितलं. या किड्याचं खरं घर म्हणजे समुद्रातल्या मोठ्या प्राण्यांचं पोट, देवमाशासारख्या. तिथून त्याची अंडी पाण्यात पडतात. अंड्यांतून निघालेल्या अळ्यांना बारीकसारीक जीव खातात, त्या जीवांना लहान मासे खातात, लहानांना मोठे खातात, आणि अळी आपली एकातून दुसऱ्यात प्रवास करत राहते. देवमाशापर्यंत पोचली तर तिचं भलं झालं. माणसाच्या पोटात आली तर तिच्या दृष्टीने पत्ता चुकला. मग ती वाट शोधायला जठराच्या भिंतीत तोंड खुपसते.

"म्हणजे तोही हरवलेलाच," वहिनी म्हणाली.

"हो. पण कळा तुम्हाला."

"आणि लिंबू पिळलं तर? मीठ लावलं तर?"

"लिंबाने तुमचे दात आंबतील, त्याला काही होणार नाही. मासा आतपर्यंत नीट शिजवा, की तो मेला. नाहीतर कडक गोठवून बरेच दिवस ठेवा. मासा खायचा सोडू नका, माझं तसं मुळीच म्हणणं नाही. आणि एक. मासा जिवंत असताना हा बहुतेक आतड्यांतच असतो. मासा मेला आणि तसाच पडून राहिला, की हा पोटातून मांसात शिरू लागतो. म्हणून पोट जितक्या लवकर साफ कराल तितकं बरं."

हे ऐकून वहिनी उठून बसली. कारण बाजाराची रीत नेमकी याच्या उलट होती. माशाचं पोट गिऱ्हाइकासमोरच फाडायचं. आधीच फाडलेला मासा दिसला की लोक म्हणायचे, काहीतरी झाकलंय. म्हणून धक्क्यावर बोट लागल्यापासून ते मासा विकला जाईपर्यंत त्याचं पोट तसंच शिवल्यासारखं बंद. आणि वर पाठीचा कच्चा तुकडा काढून खायचा. आपण सचोटी दाखवायला जे जे करत आलो, ते सगळं या दोऱ्याच्या सोयीचं होतं, हे तिच्या ध्यानात आलं आणि तिला पोटातल्या कळेपेक्षा जास्त लागलं.

"ही बाटली मला द्याल?" तिने विचारलं.

"काय करणार?"

"ओळख करून देणार."

संध्याकाळी दीर फळं घेऊन आला. त्याने आधी खुर्ची ओढली, मग दार लोटलं, मग बाटलीकडे पाहिलं आणि तिच्यावर रुमाल टाकला.

"वहिनी, बरं वाटतंय ना? झालं तर मग. विचारलं कुणी, तर पित्त झालं होतं म्हणा."

"पित्त वळवळतं का भाऊजी?"

"तुम्हाला हसायला सुचतंय. तो नव्या हॉटेलाचा मालक आपल्या बाजारातून रोज माल उचलणार आहे. कच्च्या माशाच्या चकत्या करून वाढणार म्हणे, मोठमोठे लोक येणार. अशा वेळी बाजारात किडा हा शब्द निघाला तर काय होईल? झाकली मूठ सव्वा लाखाची असते."

"मुठीत किडा असला तर उघडावी लागते. नाहीतर चावतो."

"हात दाखवून अवलक्षण कशाला, एवढंच म्हणतो मी. आजवर कुणी मेलंय का?"

"मेलं नसेल. पण किती जणी पोट धरून बसल्या असतील? फटाकडी दर महिन्याला अंगठ्याने बेंबी चोळत बसते. तिला आपण ओवा देतो. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला!"

दीर उठला. दारात थांबून म्हणाला, "मी दीर म्हणून आलो होतो. अध्यक्ष म्हणून यायला लावू नका."

"फळं दिराची ना? मग ठेवून जा," वहिनी म्हणाली.

घरी गेल्यावर सासूने वेगळीच आघाडी उघडली. म्हातारी पलंगावर पाय लांब करून बसली होती. "मी उभा जन्म तुकडा खाल्ला. काय झालं मला? पोट फुटलं माझं?"

"नाही फुटलं, आई. पण तुम्ही मध्येच दोन-दोन दिवस अंथरुणात मुटकुळं करून पडायचात, ते काय होतं?"

"ते? तो वारा धरायचा."

"वारा," वहिनी म्हणाली आणि बाटली तिच्या पुढ्यात ठेवली. "हा घ्या तुमचा वारा."

सासूने चष्मा लावला. बराच वेळ बाटली फिरवून पाहिली. मग चष्मा काढला, बाटली परत दिली आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मला काही दिसत नाही." पण जेवायला बसली तेव्हा कालवणातला मासा तिने मधोमध फोडून, आतून पुरता शिजलाय का ते बोटाने दाबून पाहिलं. वहिनीने पाहिलं न पाहिलंसं केलं.

बरी झाल्यावर वहिनी ओट्यावर परतली. पहिलंच गिऱ्हाईक शिंपीकाका. गेली कित्येक वर्षं तिच्याकडूनच मासे नेणारे, आणि तुकडा खाल्ल्याशिवाय एक पाऊल न हलणारे.

"बांगडे ताजे आहेत?"

"आज पहाटेच्या बोटीचे."

शिंपीकाका वाट बघत राहिले. "मग?"

"मग काही नाही. मी तुकडा खाणार नाही, काका. आजच नाही, यापुढे कधीच नाही." तिने बाटली काढून दाखवली आणि डॉक्टरणीने सांगितलेलं सगळं, शाळेतल्या पोरांना सांगावं तसं एकेक करून सांगितलं. "घरी न्या, नीट शिजवा, पोटभर खा. काही होणार नाही."

शिंपीकाकांनी बाटलीकडे पाहिलं, बांगड्यांकडे पाहिलं आणि घसा खाकरला. "अगं, मी शिवलेले कपडे मी स्वतः अंगात घालून दाखवतो का? नाही. पण तू इतकी वर्षं खात होतीस आणि आज खात नाहीस, म्हणजे..." वाक्य तसंच सोडून ते पलीकडे फटाकडीच्या ओट्याकडे गेले. फटाकडीने मोठ्ठा तुकडा काढला आणि मान मागे टाकून गिळला.

"घ्या काका! माझ्या पोटात देवमासा मावतो, दोऱ्याचं काय!"

दिवसभर हेच. लोक यायचे, बाटली बघायचे, तोंडावर हात ठेवायचे आणि मासे दुसरीकडून घ्यायचे. वाईट याचं होतं, की किड्याचं नाव निघालं ते फक्त तिच्या ओट्यावर, म्हणून किडे फक्त तिच्याच माशांत असल्यासारखं झालं. संध्याकाळी तिच्या पाट्या भरलेल्याच राहिल्या. फटाकडीने जाता जाता टोमणा मारला, "वहिनी, दुकान मांडलंयस की प्रदर्शन?"

वहिनीला रडू आलं असतं. पण तिला त्याआधी राग आला, आणि राग आला की तिचं डोकं चालू लागे. प्रदर्शन म्हणते काय? मग होऊन जाऊ दे.

दुसऱ्या दिवशी ती बोट लागायच्या वेळी धक्क्यावर जाऊन उभी राहिली. आपल्या वाट्याचे मासे तिने तिथेच, बोटीच्या कडेला बसून फाडले, आतडी काढून पिंपात टाकली आणि मासे धुऊन घेतले. बोटवाले हसत होते. "वहिनी, उघड्या पोटाचा मासा कोण घेणार?" "बंद पोटाचा घेऊन मी काय मिळवलं, ते विचार," ती म्हणाली. मग ओट्यावर तिने एक लाकडी खोकं ठेवलं. आत दिवा, वर खिडकीची जुनी काच. ही युक्तीही डॉक्टरणीचीच. माशाचा काप काढून काचेवर पसरला, की खालच्या उजेडात मांस दुधाळ दिसायचं आणि त्यात काही असलं तर त्याची सावली उमटायची. सापडला, तर चिमट्याने काढायचा. त्याशिवाय "शिजवूनच खा" हे प्रत्येकाला सांगायचं, कारण उजेडातही एखादा निसटतोच. हेही ती लपवत नसे.

गर्दी जमली, पण जत्रेत दोन तोंडांचं वासरू बघायला जमते तशी. बघून झालं की पांगली. घेणारे थोडे.

दिराने त्याच दिवशी दुपारी अध्यक्षाची टोपी चढवली. संघटनेचा नियम जुना होता, जो आपला माल खाऊन दाखवणार नाही त्याला बर्फ नाही. मासळीबाजारात बर्फ बंद म्हणजे श्वास बंद. आणि बर्फ कुणाच्या हातात? भावाच्या. दिराने बर्फखान्यात जाऊन त्याला सांगितलं, "दादा, वहिनीच्या ओट्यावर एक लादी जाता कामा नये."

नवरा म्हणाला, "बरं."

वहिनीच्या कानावर हे आलं, तेव्हा ती जेवण टाकून उठली. "बरं म्हणालात? तुमच्या तोंडून दुसरं काही निघत नाही का?"

"लादी देऊ नको म्हणाला, लादी नाही देणार," तो शांतपणे म्हणाला. "पण यंत्राखाली चुरा पडतो त्याचं काय? रोज झाडून कुठेतरी टाकावा लागतो. बाजाराच्या दाराशी जागा बरी आहे."

वहिनी त्याच्याकडे बघत राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी हा माणूस तिला अजून पुरता कळला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून बर्फाचा चुरा टोपल्या टोपल्यांनी तिच्या ओट्यावर येऊ लागला. लाद्यांपेक्षा जास्तच. दिराने विचारलं तेव्हा नवरा म्हणाला, "कचरा आहे तो. संघटनेचा नियम कचऱ्याला लागत नाही."

मग दिराने शेवटचं हत्यार काढलं. हॉटेलमालकाच्या कानापर्यंत कुजबुज पोचली होती, म्हणून तो स्वतः बाजार बघायला येणार होता. दिराने सगळ्यांना ताकीद दिली की पाहुणा ओट्याओट्यावरून फिरेल, बोट ठेवेल तो मासा उचलायचा आणि समोर खाऊन दाखवायचा. वहिनीकडे वळून तो सगळ्यांसमोर म्हणाला, "पहिला ओटा तुमचा आहे. उद्या तुम्ही खाल्लं नाही, तर ओटा सोडायचा. यात नातं नाही, नियम आहे."

फटाकडीचे डोळे चमकले. पहिल्या ओट्यासाठी रांगेत पहिली तीच होती.

रात्रभर वहिनीने विचार केला असं काही झालं नाही. ती गाढ झोपली. ठरवायचं असं काही उरलंच नव्हतं. सकाळी निघताना सासूने पलंगावरूनच विचारलं, "आज खाणार का तू?"

"नाही, आई."

"ओटा जाईल."

"जाईल तर जाईल. पण मी तो त्याच्या हातात देणार नाही, त्याला घ्यावा लागेल."

 सासूने उशीखालून एक धार लावायचा दगड काढला आणि सुनेच्या पिशवीत टाकला.

हॉटेलमालक पांढऱ्या बुटांत आला. मासळीबाजारात पांढरे बूट घालून येणाऱ्या माणसाला बाजार कधी कळला नव्हता, एवढं स्पष्ट होतं. दीर त्याच्या पुढेपुढे करत त्याला आतून फिरवत आणत होता, म्हणजे पहिला ओटा सगळ्यात शेवटी लागेल. ओट्यामागून ओटा. प्रत्येक बाई मासा उचलायची, तुकडा काढायची, गिळायची. फटाकडीने तर दोन खाल्ले. मालक माना डोलवत होता.

मग ते वहिनीसमोर येऊन थांबले.

"आणि ह्या आमच्या वहिनी," दीर हसून म्हणाला, पण हसू ओठांपुरतंच होतं. "खाऊन दाखवा, वहिनी."

"कोणता मासा आवडला तुम्हाला?" वहिनीने पाहुण्याला विचारलं.

त्याने एका मोठ्या बांगड्यावर बोट ठेवलं. वहिनीने त्याचा पोटाकडचा काप काढला आणि काचेवर पसरला. दिवा लावला. मांस उजळलं. एका कडेला बारीक वेटोळं दिसलं. उजेड आणि ऊब लागताच ते हळूहळू उलगडू लागलं.

मालक एक पाऊल मागे सरला. त्याचा पांढरा बूट पाण्यात गेला.

"हे तुम्ही लोकांच्या पानात कच्चं वाढणार होतात," वहिनी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "वाढू नका असं मी म्हणत नाही. आधी कडक गोठवून ठेवा, पुरेसे दिवस ठेवा, मग वाढा. शिजवून वाढायचा तर आजच न्या, माझा मासा ताजाच आहे. पण ताजा म्हणजे बिनकिड्याचा नव्हे. आणि मी खाऊन दाखवलं म्हणून हा मरणार नाही."

"ही सगळी हिची करामत आहे," दीर घाईने म्हणाला. "किडा हिनेच आणून घातला असेल. दवाखान्यातून बाटली भरून आणलीय हिने, सगळ्यांना ठाऊक आहे!"

"मग दुसऱ्या ओट्यावरचा घ्या. कुणाचाही घ्या. तुम्ही निवडा, भाऊजी."

दीर जागचा हलला नाही.  तेवढ्यात पलीकडून एक मासा सर्रकन आला आणि काचेवर आदळला. फटाकडीने फेकला होता.

"माझा बघ," ती म्हणाली. तिचा रंग उडाला होता. "मी आत्ता दोन तुकडे खाल्लेत याचे. बघ, काय आहे ते."

वहिनीने काप काढला. उजेडात धरला. एक कोपऱ्यात, आणि एक मधोमध.

फटाकडी वाकून नालीत थुंकली, पुन्हा थुंकली, आणि बेंबीवर अंगठा दाबून उभी राहिली. हॉटेलमालकाने रुमाल नाकाला लावला, "मी विचार करून कळवतो," असं काहीतरी पुटपुटला आणि दाराबाहेर पडला. गेला तो वळून पाहिलंसुद्धा नाही.

मग मात्र आरडाओरड झाली. कुणी म्हणे हिने बाजाराच्या पोटावर पाय दिला, कुणी म्हणे आम्ही काय आता उपाशी मरू? वहिनी ऐकत उभी होती. त्यांचा राग खोटा नव्हता. मोठं गिऱ्हाईक गेलं होतं, आणि ते तिच्यामुळेच गेलं होतं. हे तिने नाकारलं नाही.

दिराने हात वर करून सगळ्यांना थांबवलं. "नियम तो नियम. वहिनी, ओटा सोडा." मग फटाकडीकडे वळून म्हणाला, "आजपासून पहिला ओटा तुझा. ये."

सगळ्यांच्या माना फटाकडीकडे वळल्या. किती वर्षं तिने या ओट्यासाठी नवस करायचा तेवढा बाकी ठेवला होता. ती सावकाश पुढे आली. वहिनीच्या ओट्यावर टेकली. हाताने संगमरवरी फरशी चाचपून पाहिली.

"घेते की," ती म्हणाली. "का नाही घेणार? दारातली जागा आहे." मग तिने काचेवरचा स्वतःच्याच माशाचा तो काप बोटांच्या चिमटीत उचलला आणि दिरापुढे धरला. "पण इथे बसणाऱ्याने हे खायचं, असा नियम आहे ना? नियम तुमचा. तर आधी तुम्ही खाऊन दाखवा, अध्यक्ष."

"हे काय चालवलंय?"

"काही नाही. ताजा आहे. खा."

दिराने काप हातात घेतला, कारण न घेऊन चालणार नव्हतं. तोंडापर्यंत नेला. कापातून एक पांढरं टोक बाहेर आलं आणि हवेत इकडून तिकडे डोलू लागलं, जणू ते पत्ता विचारत होतं. दिराचा हात तिथेच थांबला. बाजार बघत होता. त्याची आतापर्यंत कधी न दिसलेली गोष्ट सगळ्यांना दिसली. या माणसाने आजवर बाकीच्यांना तुकडे खायला लावले, पण स्वतः एकही खाल्ला नव्हता. खायची वेळच कधी आली नव्हती.

त्याने काप खाली ठेवला. रुमालाने बोटं पुसली. "हमाल!" तो ओरडला. "हे खोकं उचला. पाट्या बाहेर ठेवा."

दोन हमाल निघाले. एकाने खोक्याला हात लावला आणि वहिनीकडे पाहिलं. "वहिनी, कुठे ठेवू?"

"आहे तिथेच."

"बरं," म्हणून त्याने खोकं उचललं, इंचभर सरळ केलं आणि तिथेच ठेवलं. दुसरा हमाल तर आलाच नाही, तो अर्ध्या वाटेवर उभा राहून खोकल्याचं सोंग करत होता. दिराने आपल्या थोरल्या भावाकडे पाहिलं. तो टोपलीभर बर्फाचा चुरा घेऊन दारात उभा होता आणि चुरा कुठे टाकणार, हे त्याला कुणी विचारलेलं नव्हतं.

"हा बाजार बुडाला म्हणून समजा," दीर म्हणाला आणि कचेरीकडे चालू लागला. त्याच्यामागे कुणी गेलं नाही. पण वहिनीच्या बाजूनेही सगळ्या आल्या असं नाही. बऱ्याच जणी आपापल्या ओट्यावर पाठ फिरवून बसल्या. दोघी-तिघी मात्र पाट्या घेऊन काचेपाशी रेंगाळू लागल्या, एकमेकींची नजर चुकवत.

फटाकडी ओट्यावरून उतरली. "आधी दवाखान्यात जाऊन येते," ती म्हणाली. "त्या बाईचं नाव काय? नळी घालते ती? दुखतं का गं फार?"

"दुखतं. पण किड्यापेक्षा कमी."

"जाऊ की थांबू जरा? अजून काही होत नाहीये."

"आत्ता जा. नळी तोंडात असेल तेवढा वेळ तरी बाजाराला शांतता मिळेल."

"मेले!" फटाकडीने तिला कोपराने ढोसलं, पण गेली.

वहिनीने पिशवीतून दगड काढून सुरीवर चार हात फिरवले. दारातून दुपारचं ऊन आत आलं होतं. रस्त्यावरून माणसं जात-येत होती, काही आत डोकावत, काही नाक मुरडत. तिने कंबरेला पदर खोचला आणि आजवर या छपराखाली कुणी आरोळीत न घेतलेला शब्द पोटातून वर आणून रस्त्यावर फेकला.

"मासे घ्या, मासे! पहाटेचे बांगडे! किडा असेल तर उजेडात दाखवते, काढून देते! शिजवून खा, कच्चा मागू नका! या, किडा बघून घ्या, मासा बघून घ्या!"

एक बाई लेकीचा हात धरून चालली होती, ती थबकली. लेक आत शिरून काचेवर वाकली आणि "आई, बघ!" म्हणून ओरडली. आई आत आली, नाइलाजाने का होईना.

त्या आठवड्याच्या शेवटी फटाकडी शेजारच्या आपल्या ओट्यावर परतली. डॉक्टरणीने तिच्या पोटातून दोघांना बाहेर काढलं होतं, आणि बाटली तिने वहिनीच्या बाटलीपेक्षा मोठी मागून आणली होती. तिनेही खोकं करवून घेतलं, दिवा दुप्पट उजेडाचा लावला. आणि वहिनीने सकाळची पहिली आरोळी ठोकायच्या आत, तिच्यापेक्षा चढ्या आवाजात, सगळा रस्ता वळून बघेल अशी तीच आरोळी ठोकली. मागे राहणं तिला कधी ठाऊकच नव्हतं.